इथे कोणी साल सांगत नाही, गाव सांगतात : श्रीलंकेच्या यादवीच्या सामान्य माणसांच्या आठवणी

पायवाट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो.

2013 आणि 14 मिळून दीडेक वर्ष मी श्रीलंकेच्या उत्तरेत, किलिनोच्ची जिल्ह्यात होतो. भारत सरकारच्या मदतीने तिथे उत्तर आणि पूर्व भागात घरं बांधायची मोठी योजना चालू होती. घरमालकाला साडेपाच लाख श्रीलंकन रुपये हप्त्याहप्त्याने मिळायचे आणि घर त्याने स्वतः उभं करायचं. पाया झाला की एक हप्ता, भिंती लिंटलपर्यंत आल्या की पुढचा. ते पाहून कागद भरणं हे माझं काम.

कागदात एक रकाना होता, 'या जागेवर केव्हापासून राहता?'. सोपा वाटतो ना प्रश्न? त्याच्या उत्तराला दहा मिनिटं लागायची. 'जन्म इथलाच. मग स्कंदपुरमला गेलो. परत आलो. मग धर्मपुरम, विश्वमडु, सुदंदिरपुरम, पुदुक्कुडियिरुप्पु, मात्तळन, मुळ्ळिवाय्क्काल. मग छावणी. मग पुन्हा इथे.' साल कोणी सांगायचं नाही. थोरली मुलगी कधी झाली विचारलं तर 'अक्करायनला होतो तेव्हा'. सासरे कधी गेले? 'मात्तळनला.' सुरुवातीला मी वैतागायचो, कारण मला आकडा हवा असायचा. मग माझ्याबरोबर काम करणाऱ्या स्थानिक सुपरवायझरने एका वहीत मागच्या पानावर मला यादी करून दिली. 1996 च्या सप्टेंबरात लष्कराने किलिनोच्ची घेतलं तेव्हा माणसं पश्चिमेला गेली. 1998 मध्ये वाघांनी (एलटीटीई, तमिळांच्या वेगळ्या देशासाठी सरकारशी लढणारी संघटना) ते परत घेतल्यावर हळूहळू आली. 2 जानेवारी 2009 ला पुन्हा लष्कराकडे गेलं, तेव्हा माणसं पूर्वेला समुद्राकडे सरकत होती. ती यादी हातात आल्यावर मी गाव ऐकून साल लिहायला लागलो. यादवी 1983 पासून 2009 पर्यंत चालली हे आपण पुस्तकात वाचतो. तिथल्या माणसाला ती कुठून कुठे गेलो अशीच आठवते.

मी ज्यांच्याकडे भाड्याने राहत होतो त्या बाईंना सगळे अक्का म्हणायचे, मीही. (तमिळमध्येही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, त्यामुळे मला ते पहिल्या दिवसापासून सोपं गेलं.) अक्कांनी मला बंकरबद्दल जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही. जाफन्याच्या (उत्तरेतलं मोठं शहर) आणि वन्नीच्या (त्याच्या दक्षिणेचा, किलिनोच्ची ज्यात येतं तो भाग) लोकांना बंकर नवा नव्हता. प्रत्येक परसात एक असायचाच, ताडाचे ओंडके आडवे टाकून वर माती चढवलेला. पण 2009 च्या शेवटच्या महिन्यांत सगळी माणसं समुद्रालगतच्या वाळूच्या पट्ट्यात कोंबली गेली. तिथे खड्डा खणला की बाजू ढासळतात. पोती संपलेली. मग बायकांनी साड्या काढल्या, उभ्या फाडून पिशव्या शिवल्या आणि त्यात वाळू भरली. प्रत्येक ठिकाणाहून पळताना सामान कमी कमी होत गेलं होतं, भांडी सुटली, सायकल सुटली, पण लग्नातली साडी, तिला तिथे 'कूरै' म्हणतात, ती शेवटपर्यंत ट्रंकेत होती. ती सगळ्यात शेवटी फाडली. अक्का म्हणाल्या, 'रेशीम वाळूला चांगलं धरतं. सुती लवकर फाटायचं.' एवढंच. मला वाटलं पुढे काही बोलतील. त्या उठून तांदूळ निवडायला बसल्या.

माझी विनंती अशी की ज्यांना त्या देशाचा, तिथल्या माणसांचा काही अनुभव असेल त्यांनी लिहावं. लढाया आणि सेनापती यांवर भरपूर साहित्य आहे. मला घरातल्या आठवणी हव्या आहेत.

मृद्गंध

वाचतेय. साडीचा परिच्छेद दोनदा वाचला.

एक विचारते. ती माणसं आपसात या सगळ्याला म्हणायची काय? युद्ध?

पायवाट

मृद्गंध, चांगला प्रश्न. 'युद्ध' हा शब्द मी कागदपत्रांत आणि भाषणांत जास्त ऐकला. घरात 'पिरच्चिनै', म्हणजे समस्या, अडचण. 'पिरच्चिनै सुरू झाली तेव्हा मी सहावीत होते.' विस्थापनाला 'इडप्पेयर्वु'. वाघांना सरळ 'इयक्कम', चळवळ. लष्कराला 'आमी'. तोफगोळ्यांच्या माऱ्याला 'शेल अडी'. इस्रायली बनावटीची किफिर विमानं होती, तो शब्द तर लहान पोरांनाही ठाऊक. तिशीतला एक गवंडी मला सांगत होता की पाचव्या-सहाव्या वर्षी त्याला आवाजावरून विमान ओळखता यायचं, पळायला किती वेळ आहे तेही कळायचं.

सह्यकडा

धागा चांगला आहे, पण एक गोष्ट स्पष्टपणे मांडतो. वाघ ही दहशतवादी संघटना होती. 21 मे 1991 ला श्रीपेरुंबुदुरला आपल्या माजी पंतप्रधानांना त्यांनी मारलं. मानवी बॉम्ब त्यांनी सर्रास वापरले. हे सगळं सोडून नुसती एका बाजूची सहानुभूती नको.

पायवाट

सह्यकडा, तुम्ही लिहिलंत त्यातलं काहीच खोटं नाही. पण मी ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांनी वाघांनाही सोसलंय. वाघांच्या ताब्यातल्या भागातून बाहेर जायला पास लागायचा, आणि तुम्ही परत याल म्हणून घरातलं कोणीतरी हमी म्हणून मागे राहायचं. शेवटच्या काळात प्रत्येक घरामागे एक मूल, मग एकाहून जास्त, सक्तीने नेत होते. आईबापांनी मुलं जमिनीत खड्डे करून लपवली. सोळा-सतरा वर्षांच्या पोरींची घाईघाईने लग्नं लावली, कारण सुरुवातीला लग्न झालेल्यांना नेत नसत. आणि अखेरीस जे लष्कराच्या बाजूला पळायला लागले त्यांच्यावर वाघांनी गोळ्या झाडल्या. दुसरीकडून सरकारने स्वतः 'सुरक्षित क्षेत्र' म्हणून जाहीर केलेल्या पट्ट्यावर तोफगोळे पडत होते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने 2011 मध्ये म्हटलं की त्या शेवटच्या टप्प्यात 40,000 पर्यंत नागरिक मेले असू शकतात. सरकारने तो आकडा फेटाळला.

एकाच घरात एक मुलगा स्वतःहून इयक्कममध्ये गेलेला आणि धाकटी मुलगी ओढून नेलेली, असं मी पाहिलंय. त्या आईला बाजू कुठली विचारायची?

जुनी वही

मी दक्षिणेकडून लिहिते. 1995 ते 98 आम्ही कोलंबोत होतो, यजमानांची नोकरी होती.

31 जानेवारी 1996 ला सकाळी वाघांनी मध्यवर्ती बँकेवर स्फोटकांनी भरलेला ट्रक घातला. 91 माणसं गेली. हजाराहून जास्त जखमी झाली, आणि त्यांतल्या कितीतरी जणांचे डोळे काचांनी गेले, कारण पहिला आवाज ऐकून माणसं खिडकीशी बघायला आली होती. त्यानंतर आमच्या ओळखीतल्या सगळ्यांनी एक शिकून घेतलं की आवाज झाला तर खिडकीकडे जायचं नाही. मी अजून जात नाही.

त्याच वर्षी जुलैत कोलंबोजवळच्या देहिवळा स्टेशनवर संध्याकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये बॉम्ब फुटले. शेजारी एक सिंहली कुटुंब होतं, नवरा-बायको दोघंही एकाच कचेरीत कामाला. ते दोघं वेगवेगळ्या बसने जायचे. सकाळी एकत्र घरातून निघायचे, फाटकाशी वेगळे व्हायचे. मला आधी वाटलं भांडण झालंय. मग तिनेच सांगितलं की दोघं एका बसमध्ये नको, मुलांना एक तरी राहायला हवं. असं करणारी ती एकटी नव्हती, कितीतरी घरांत हा नियम होता.

वरच्या मजल्यावर तमिळ शिक्षिका राहायच्या. बाहेर पडताना तमिळ म्हणून ओळखू येऊ नये यासाठी त्या जिन्यात कुंकू पुसायच्या आणि घरी आल्यावर पुन्हा लावायच्या. त्यांच्या घरात कोण कोण राहतं याची यादी पोलिसांत द्यावी लागायची, पाहुणा आला तरी. 1983 च्या जुलैत, तमिळांविरुद्धच्या दंगलीत, त्या वीस-बावीस वर्षांच्या होत्या. जमाव मतदार याद्या हातात घेऊन घरं शोधत आला होता. रस्त्यात लोकांना अडवून 'बाल्दिय' म्हणायला लावत. बादलीचा सिंहली शब्द. तमिळ माणसाच्या तोंडून 'ब' नीट निघत नाही, असा समज. त्यांना मागच्या गल्लीतल्या सिंहली बाईंनी चार दिवस धान्याच्या खोलीत ठेवलं. नंतर जहाजातून उत्तरेला कांकेसंतुरेला पाठवलं गेलं, जिथे त्यांचं कोणीच नव्हतं. त्या परत कोलंबोला आल्या, म्हणाल्या, मला कोलंबोशिवाय गाव नाही.

आणि सिंहली खेड्यांबद्दलही कोणी लिहायला हवं. अनुराधपुरकडे गेलात तर रस्त्याला बसथांबे दिसतील, सिमेंटचे, साधे. त्यावर सैनिकाचा फोटो आणि नाव. मुलगा गेल्यावर आईवडिलांनी गावासाठी बांधलेला निवारा. बहुतेक शेतकऱ्यांची पोरं. पाच हजारांहून जास्त सैनिक आजही बेपत्ता यादीत आहेत, त्यांच्या आयाही थांबल्यात.

मृद्गंध

जुनी वही ताई, फाटकाशी वेगळं होणं... काय लिहू.

चांदणवेल

जाफन्यातून आलेली एक वर्गमैत्रीण माझ्याबरोबर शिकायला होती, तिच्या घरच्यांकडून पुष्कळ ऐकलंय. पुढे याच विषयावर काही काळ कामही केलं.

आधी थोडं वेगळं, कारण हे कमी लिहिलं जातं. 1990 नंतर जाफन्यात वीज नव्हती आणि सरकारने उत्तरेत जाणाऱ्या मालावर बंदी घातली होती. पेट्रोल, बॅटऱ्या, सिमेंट, खतं, अशी लांबलचक यादी. पण त्या काळाबद्दल बोलताना मैत्रिणीच्या वडिलांचा आवाज चढायचा, जणू शर्यत जिंकली. सायकल स्टँडवर चढवून एकाने पॅडल मारायचे, डायनॅमोवर रेडिओ चालायचा आणि अख्खी आळी बातम्या ऐकायची. पॅडल मारणाऱ्याला दम लागला की आवाज बारीक व्हायचा, मग दुसरा बसायचा. जुन्या मॉरिस गाड्या रॉकेलवर धावायच्या, चालू करायला तेवढं थेंबभर पेट्रोल जपून ठेवलेलं. जॅमच्या बाटलीत तळाशी कापूस, त्यावर थोडं रॉकेल आणि वात, याला 'कुप्पी विळक्कु' म्हणत. सगळा अभ्यास त्या उजेडात. परीक्षा बुडवायची नाही हा जाफन्यातल्या प्रत्येक घराचा हट्ट. नाकपुड्या काजळीने काळ्या होत आणि शाळेत त्यावरून कळायचं कोण किती जागलं. मला वाटतं माणसं यातना सांगत नाहीत तेव्हा या युक्त्या सांगतात. त्यात त्यांचं स्वतःचं काहीतरी होतं, बाकीचं सगळं त्यांच्यावर येऊन आदळलं होतं.

आता तारखेबद्दल. पायवाट म्हणतात तारखा कोणी सांगत नाही. एक तारीख मात्र जाफन्यात दोन समाजांना पाठ आहे आणि प्रत्येकाची वेगळी. 30 ऑक्टोबर.

30 ऑक्टोबर 1995 च्या संध्याकाळी लष्कर जवळ आलं म्हणून वाघांनी लाउडस्पीकरवरून शहर रिकामं करायला सांगितलं. काही लाख माणसं एका रात्रीत अरुंद रस्त्याने निघाली, पावसात. मैत्रीण तेव्हा दहा वर्षांची. तिला आठवतं ते एवढंच की चालता येत नव्हतं, उभं राहायचं आणि मागून ढकललं की एक पाऊल पुढे. रात्रभरात काही मैल.

30 ऑक्टोबर 1990 ला त्याच शहरातल्या मुसलमानांना त्याच वाघांनी दोन तासांत निघायला सांगितलं होतं. 500 रुपये आणि अंगावरचे कपडे. उत्तर प्रांतातून मिळून सुमारे 75,000 माणसं घालवली गेली, तीही तमिळच बोलणारी. बहुतेक जण पश्चिम किनाऱ्यावरच्या पुत्तळमला गेले आणि तिथे छप्परांच्या छावण्यांत एक पिढी वाढली. 2009 नंतर काही परत आले तर घरात झाडं उगवलेली, कागद हरवलेले. गेले तेव्हा एक कुटुंब होतं, परतताना मुलांची लग्नं होऊन चार झालेली, जमीन तेवढीच. मदतीचा पहिला ओघ शेवटच्या लढाईत उखडलेल्यांकडे गेला. यांना 'जुने विस्थापित' म्हणत. पायवाट, तुमचा तो रकाना यांनी कसा भरायचा?

मैत्रिणीच्या आईने मला एकदा सांगितलं, 'त्या दिवशी आम्ही दारं लावून आत बसलो. पाच वर्षांनी आमच्यावर तीच तारीख आली.' मी यावर काही बोलले नाही.

पायवाट

चांदणवेल, तुम्ही विचारलंत म्हणून. अशी दोन कुटुंबं माझ्याकडे आली होती. रकान्यात मी '1990 पूर्वी, नंतर 2010' असं लिहिलं. मधल्या वीस वर्षांना जागा नव्हती.

किनारा

हे लिहावं की नाही यावर दोन दिवस घालवले.

माझे वडील 1987 ला भारतीय शांतिसेनेबरोबर जाफन्यात होते. जुलैअखेर सैन्य उतरलं तेव्हा लोकांनी हार घातले होते. वडील त्याच दिवसांबद्दल बोलतात. तिथल्या विहिरींवर लाकडी तुळई असते, एका टोकाला बादली आणि दुसऱ्या टोकाला वजन. एका आजीबाई रोज यांच्या तुकडीला पाणी काढून द्यायच्या, वडिलांनी तुळई ओढायला मदत केली तर रागवायच्या, पाहुण्याने काम करायचं नाही म्हणून. ऑक्टोबरात वाघांशी लढाई जुंपली. काही आठवड्यांनी वडील त्याच गल्लीतून गेले. विहीर होती, तुळई होती, घरात कोणी नव्हतं. त्यांची गोष्ट इथेच संपते. आजी कुठे गेल्या त्यांना माहीत नाही.

मी मोठेपणी वाचलं की 21 ऑक्टोबर 1987 ला, दिवाळीत, भारतीय सैनिक जाफन्याच्या सरकारी रुग्णालयात शिरले आणि रुग्ण, परिचारिका, डॉक्टर धरून साठाहून जास्त माणसं मारली गेली. वडील तिथे नव्हते. तरी मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, 'ऐकलं होतं.' मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, 'आमचेही रोज जात होते.' तेही खरं आहे. सुमारे 1200 भारतीय सैनिक त्या तीन वर्षांत गेले, पलालीला आणि कोलंबोजवळ त्यांची स्मारकं आहेत. रुग्णालयातल्यांची आठवण तिथले कर्मचारी दरवर्षी ठेवतात.

मला वडिलांचा अभिमान आहे. आणि त्या दिवशी तिथे जे झालं ते आपल्या गणवेशात झालं, हेही मला माझ्या मुलाला सांगायचंय. ही दोन वाक्यं मला एका दमात बोलता येत नाहीत, म्हणून इथे लिहिली.

सह्यकडा

किनारा, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. रुग्णालयाचं मला ठाऊक नव्हतं. वाचतो.

जुनी वही

किनारा, लिहिलंत ते बरं केलंत.

मृद्गंध

सरकारी पातळीवर या सगळ्याची आठवण कशी ठेवतात?

चांदणवेल

मृद्गंध, बाजू बघून. 18 मे 2009 ला युद्ध संपलं. दक्षिणेत तो विजयाचा दिवस, सैनिकांना मानवंदना. उत्तरेत त्याच दिवशी मुळ्ळिवाय्क्कालच्या वाळूत माणसं दिवे लावतात आणि कंजी वाटतात. तांदूळ, पाणी, जमलं तर मीठ. शेवटच्या आठवड्यांत तेवढंच मिळत होतं, म्हणून ती तशीच करायची. नारळाचं दूध घालायचं नाही, असं मला एका बाईंनी बजावलं होतं. किती वर्षं या जमण्यावर बंदी होती, पोलीस अडवायचे.

वाघांची दफनभूमी लष्कराने बुलडोझरने सपाट केली. कोप्पायला तर त्यावर लष्करी तळ उभा राहिला. तुम्हाला वाघ आवडोत न आवडोत, ज्या आईचा सतरा वर्षांचा मुलगा सक्तीने नेला आणि तिथे पुरला, तिला फुलं ठेवायला जागा उरली नाही. जाफना विद्यापीठातलं मुळ्ळिवाय्क्कालचं स्मारक 2021 च्या जानेवारीत रातोरात पाडलं. विद्यार्थी उपोषणाला बसले, काही दिवसांत नव्याने पाया घालावा लागला.

आणि जमीन काही विसरू देत नाही. जाफन्याच्या वेशीवर चेम्मणीला 1999 मध्ये 15 मृतदेह काढले होते. 2025 मध्ये तिथेच जवळ पुन्हा खोदलं तर 200 हून अधिक सांगाडे निघाले. एका लहान मुलाच्या सांगाड्याजवळ शाळेचं दप्तर होतं.

पायवाट

मी होतो तेव्हा किलिनोच्चीत हमरस्त्याला पाण्याची प्रचंड टाकी आडवी पडलेली होती, वाघांनी माघार घेताना पाडलेली. ती तशीच ठेवून भोवती कुंपण घातलं होतं आणि शेजारी दुकान. दक्षिणेतून सहलीच्या बसेस यायच्या, माणसं फोटो काढायची. साधी कुटुंबं, डबे घेऊन आलेली. वीस-पंचवीस वर्षांत पहिल्यांदा उत्तर बघत होती. मला त्यांच्यावर राग धरता आला नाही. पण अक्का त्या रस्त्याने जाणं टाळायच्या, त्या टाकीचं पाणी त्यांनी प्यायलेलं होतं.

मृद्गंध

पायवाट, अक्कांच्या घरात कोण कोण होतं? तुम्ही सांगितलं नाहीत.

पायवाट

टाळत होतो, खरं म्हणजे.

अक्का, त्यांचे यजमान, मुलगी आणि धाकटा मुलगा. 18 मे ला वड्डुवाकलच्या पुलावरून सगळे लष्कराच्या बाजूला आले. तिथे पुकारा होत होता की इयक्कममध्ये एक दिवस जरी असाल तरी पुढे या, चौकशी करून सोडू. मुलाला तीन महिन्यांपूर्वी ओढून नेलं होतं, तो पळून आला होता. अक्कांनीच त्याला सांगितलं, खरं काय ते सांग, म्हणजे सुटशील. त्यांनी स्वतः हात धरून त्याला त्या रांगेत नेलं. बस गेली ती दिशा त्यांना माहीत आहे. पुढचं काही माहीत नाही. अशा शेकडो आया आहेत. 2017 च्या फेब्रुवारीपासून किलिनोच्चीत कंदस्वामी कोविलसमोर रस्त्यालगत त्या फोटो घेऊन बसू लागल्या. अक्का त्यात होत्या. थांबता थांबता तिथले कित्येक आईबाप वारले, अक्कांचे यजमानही. मृत्यूचा दाखला घ्या, असं सरकारने आधीच सांगून पाहिलं होतं. पुढे बेपत्ता असल्याचा दाखला आला, मग एक लाख, मग दोन लाख रुपये देऊ केले. अक्कांनी यातलं काही घेतलं नाही. 'मी जिवंत दिला होता.'

कागदात 'कुटुंबातील माणसं' असाही एक रकाना होता. अक्कांचा अर्ज मीच भरला. त्या म्हणाल्या, चार. घरात तीन होती. मी चार लिहिलं. वरच्या तपासणीत ते खोडून तीन झालं. लिंटलच्या हप्त्याच्या वेळी त्यांची प्रत सहीसाठी माझ्याकडे परत आली, तेव्हा त्या तीनच्या शेजारी कोणीतरी निळ्या शाईने पुन्हा चार केलं होतं. अक्कांकडे निळं पेन होतं, मुलीच्या शाळेचं. मी सही करून कागद पुढे पाठवला.